दुसरा पावसाळा

मातीचं घर अनेकदा पूर चढताना पडत नाही. ते पडतं पूर उतरल्यावर. वैनगंगेच्या काठच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, पण टीव्हीवर पूर बघणाऱ्यांना ते माहीत नसतं. पाणी भिंतीच्या दोन्ही अंगांनी उभं असेपर्यंत भिंतीला त्याचाच आधार मिळतो. पाणी ओसरतं तेव्हा पायाजवळची माती लोण्यासारखी मऊ झालेली असते आणि वरच्या भिंतीचं, लाकडांचं, कवेलूंचं म्हणजे कौलांचं वजन तसंच कायम असतं. मग ऊन पडतं, लोक घरात शिरून चिखल काढायला लागतात आणि दुपारी केव्हातरी मागची भिंत बसते. म्हणूनच पूर ओसरल्याची बातमी छापून येते, त्यानंतरच्या आठवड्यात बेघरांची संख्या वाढत जाते.

२०२० च्या ऑगस्टअखेर असाच पूर आला होता. वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाट शहराजवळून खाली येते आणि पुढे काही अंतर दोन राज्यांची सीमा होऊन वाहते. एका काठावर बालाघाट, दुसऱ्या काठावर गोंदिया आणि भंडारा. त्या दिवसांत मध्य प्रदेशात पावसाने कहर केला. भीमगडच्या संजय सरोवरातून पाणी सोडावं लागलं, खाली गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडले गेले आणि बालाघाटपासून थेट गडचिरोलीपर्यंत नदीकाठची गावं पाण्यात गेली. भंडारा शहराच्या वस्त्यांमधून नावा फिरल्या. धानाच्या बांध्या दिसेनाशा झाल्या.

नदी एक, पूर एक, पण त्यानंतरचा हिशेब दोन वह्यांत मांडला जातो. अलीकडच्या काठावर तलाठी पंचनामा करतो, पलीकडच्या काठावर पटवारी. मध्य प्रदेशात मदत ठरते ती महसूल विभागाच्या ‘आरबीसी सहा-चार’ या परिपत्रकाने. बालाघाटच्या खेड्यात शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यालाही हा आकडा पाठ असतो, कारण पडलेली भिंत, मेलेलं जनावर, बुडालेलं धान, सगळं त्याच एका आकड्यात मोजलं जातं. घर ‘अंशतः’ पडलं की ‘पूर्णतः’, या एका शब्दावर कुटुंबाची पुढची दोन-तीन वर्षं अवलंबून असतात. एक भिंत उभी राहिली म्हणून घर ‘अंशतः’ ठरतं. त्या एका भिंतीच्या आडोशाने कुणी संसार करू शकत नाही, हे परिपत्रकाला कळत नाही. पण पंचनामा करणाऱ्या माणसाला ते कळायला हवं.

घर गेलेली माणसं त्या रात्री जातात कुठे? आधी शाळेत, समाजमंदिरात, ग्रामपंचायतीच्या इमारतीत, किंवा गावातल्या उंचवट्यावरच्या नातेवाइकाच्या छपरीत. आपल्याकडचा पहिला निवारा सरकार देत नाही, सोयरे देतात. बालाघाटातल्या वारासिवनी, कटंगी, लांजीकडच्या पोवारी आणि मराठी बोलणाऱ्या गावांत हे सोयरेपण अजून घट्ट आहे आणि त्याच्या जोरावर पहिले आठ-दहा दिवस निघून जातात. त्या वर्षी कोरोनामुळे शाळा बंद होत्या, त्यामुळे वर्ग रिकामे मिळाले. एरवी शाळेत निवारा म्हणजे पोरांची शाळा बंद, आणि ती लवकर सुरू व्हावी म्हणून गावच हळूहळू कुरकुरायला लागतं. सोयऱ्यांच्या घरातही चुलीवरून, संडासावरून, कुणाच्या गाईला कोठ्यात जागा यावरून मनं दुखायला लागतात. मग घरचा कर्ता पुरुष म्हणतो, ‘चला, आपल्याच जाग्यावर पन्नी टाकू.’

पन्नी म्हणजे प्लास्टिकचा ताव. चार बांबू, वर पन्नी, बाजूने जुन्या साड्या किंवा तुराट्यांचा ताटवा. जगभरच्या आपत्तीत हाच पहिला खासगी निवारा असतो. मदत संस्था जी ताडपत्री वाटतात तिचं जगभर ठरलेलं माप ४ मीटर बाय ६ मीटर आहे, म्हणजे २४ चौरस मीटर. मानवतावादी मदतीसाठी ‘स्फिअर’ नावाचे किमान निकष आहेत, १९९७ पासून जगभरातल्या संस्थांनी मिळून ते घडवले. त्यांनुसार माणशी निदान ३.५ चौरस मीटर छताखालची जागा हवी. पाच जणांच्या घराला साडेसतरा चौरस मीटर. आपल्या शहरी घरातली बऱ्यापैकी मोठी बैठकीची खोली डोळ्यांपुढे आणा, आणि त्यात पाच माणसं, धान्याची कोठी, चूल, अंथरुणं, पोराचं दप्तर आणि पावसात एखादी शेळीही बसवून बघा. हा निकष किमान आहे, तोही प्रत्यक्षात अनेकदा मिळत नाही, कारण एक ताडपत्री छतालाही लागते आणि भिंतींनाही.

चांगली ताडपत्री ऊन-पावसात साधारण वर्षभर तग धरते. बाजारातली पातळ पन्नी एका उन्हाळ्यात कडक होऊन तुकड्या-तुकड्यांनी उडून जाते. उन्हातले अतिनील किरण प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडतात आणि वारा उरलेलं काम करतो. पाऊसही वरूनच येतो असं नाही. पालाभोवती वीतभर खोल चर खणून पाण्याला उताराकडे वाट करून दिली नाही, तर पाणी खालून येतं आणि अंथरूण ओलं होतं. अनुभवी माणूस पाल टाकण्याआधी चर खणतो. उन्हाळ्यात याच पन्नीखाली चूल पेटली की ठिणगीचं भय, म्हणून बायका भर उन्हातही चूल बाहेर मांडतात. आंघोळीला आडोसा नसतो, म्हणून पहाटे अंधारात उठतात. रात्री बाहेर जावं लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत. निवाऱ्याचा विचार करताना छताच्या आधी न्हाणी आणि संडासाचा विचार करा, हे सांगणाऱ्या बायका प्रत्येक छावणीत असतात, आणि आराखडा करताना नेमकं त्यांनाच कुणी विचारत नाही.

पन्नीनंतर येतात टिन. पश्चिम महाराष्ट्रात ‘पत्रे’ म्हणतात, आमच्याकडे टिन. टिनाची खोली उभी राहिली की बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, झालं, सोय लागली. मे महिन्याच्या दुपारी बालाघाट-गोंदियाकडे पारा ४३-४४ वर असताना त्या खोलीत अर्धा तास बसून बघावं. टिन जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. वरून तापला की क्षणात आतून तापतो आणि तव्यासारखी धग खाली फेकतो. कवेलूच्या घराचं शास्त्र नेमकं उलटं आहे. कवेलूंमधल्या फटींतून गरम हवा निघून जाते आणि हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतीला तापायला संध्याकाळ होते. म्हणजे ज्याचं घर पडलं तो जास्त गार घरातून जास्त तापणाऱ्या घरात येतो. यावर लोकांनी शोधलेला उपाय साधा आहे: टिनावर बांबूची चौकट टाकून, थोडी फट ठेवून तणसाचा थर अंथरायचा, किंवा वरून चुना मारायचा. फटीतली हवा धग अडवते, चुना ऊन परतवतो. दोन्हींचा खर्च नगण्य आहे. सरकारी शेड बांधताना ही एक ओळ अंदाजपत्रकात घातली, तर म्हाताऱ्यांचे आणि तान्ह्या लेकरांचे जीव वाचतील.

पण पन्नी आणि टिन यांच्यापेक्षाही मोठा प्रश्न काळाचा आहे. ‘तात्पुरता’ या शब्दाला तारीख नसते. माझ्या मते तात्पुरत्या निवाऱ्याची खरी परीक्षा पहिल्या रात्री होत नसते. त्या रात्री सगळं जग धावून आलेलं असतं. परीक्षा होते ती दुसऱ्या पावसाळ्यात. पहिला पावसाळा संकटाचा असतो, माणूस सोसतो. दुसऱ्या पावसाळ्यात तो त्याच टिनाखाली असेल, तर त्याने सोसलेलं कुणाच्याही लक्षात राहिलेलं नसतं.

आंबेगाव तालुक्यातलं माळीण बघा. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गेली. वाचलेल्यांना पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. नव्या गावातल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या २ एप्रिल २०१७ रोजी. मधे २०१५ आणि २०१६ चे दोन आख्खे पावसाळे, तेही सह्याद्रीतले. आणि ज्या पावसाला ती माणसं सर्वांत जास्त भीत होती, त्या २०१७ च्या जूनमधल्या पहिल्याच जोरदार पावसात नव्या गावातले भराव खचले, रस्ते आणि संरक्षक भिंती खराब झाल्या. घरं पक्की होती, जमीन अजून बसलेली नव्हती. तेव्हा त्या लोकांच्या मनात काय झालं असेल, याची कल्पना करवत नाही.

किल्लारीच्या भूकंपाची गोष्ट आणखी खोल आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनानंतरची पहाट. लातूर-उस्मानाबादकडची घरं जाड दगड-मातीच्या भिंतींची, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छत त्या पहाटे माणसांवर आलं. हजारो माणसं दगावली. त्यानंतर लोक शेडमध्ये राहिले, पाऊस-थंडी काढली, आणि पुढे जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला, ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसली. पण ज्यांचं घर उभं राहिलं होतं, तेही कित्येक महिने आत झोपायला तयार नव्हते. डोक्यावर दगड नको, पत्रा चालेल. भूकंपानंतर माणसाला छताचीच भीती वाटते, आणि ही भीती मोजणारा रकाना पंचनाम्यात नसतो.

या भीतीपोटीच जगात ठिकठिकाणी माणसं गाड्यांमध्ये राहायला जातात. जपानमध्ये २००४ च्या निइगाता भूकंपानंतर आणि पुन्हा २०१६ च्या एप्रिलमध्ये कुमामोतोला लागोपाठ दोन मोठे धक्के बसल्यावर हजारो लोक आपल्या मोटारीत झोपले. गाडी लवचीक, वर काँक्रीट नाही, दार बंद होतं, पोरं रडली तरी शेजाऱ्याला त्रास नाही. पण सीटवर गुडघे दुमडून रात्रीमागून रात्री काढल्या, पाणी कमी प्यायलं, की पायातल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात. त्यातली एखादी सुटून फुफ्फुसात गेली की माणूस दगावतो. निइगाताला अशी माणसं गेली, भूकंपातून वाचलेली माणसं. तेव्हापासून तिथले डॉक्टर छावण्यांत आणि वाहनतळांवर फिरून लोकांना सांगतात: पाय सरळ करा, चाला, पाणी प्या.

अमेरिकेत गाडी हे भाडं न परवडणाऱ्यांचं घर झालं आहे. नोकरी आहे, गाडी आहे, भाड्याची खोली नाही, अशी कुटुंबं रात्री दुकानांच्या वाहनतळांवर झोपतात. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरात २००४ पासून अशांसाठी रात्रीपुरते सुरक्षित वाहनतळ उघडले गेले, पुढे इतर शहरांनीही ते उचललं. जानेवारी २०२४ मध्ये एका रात्री केलेल्या मोजणीत त्या देशात ७ लाख ७१ हजारांहून जास्त बेघर माणसं मोजली गेली. मोटारीत झोपलेला माणूस त्या मोजणीत बेघरच धरला जातो.

आणि आपल्याकडे? २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार लोक बेघर नोंदले गेले. जनगणनेच्या भाषेत बेघर म्हणजे रस्त्याकडेला, फूटपाथवर, मोठ्या नळात, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या मंडपात किंवा रेल्वेच्या फलाटावर उघड्यावर राहणारा. टिनाच्या शेडमध्ये तिसरं वर्ष काढणारं कुटुंब यात येत नाही. शेडला दार आहे, शेडला क्रमांक आहे, म्हणून ते घर. सोयऱ्याच्या छपरीत झोपणारी विधवा यात येत नाही. घर गमावलेल्यांचा आपल्याकडचा आकडा लहान दिसतो तो यामुळे.

बालाघाटच्या बाबतीत आणखी एक मोठा वर्ग यातून निसटतो. धान कापून झालं की या जिल्ह्यातली माणसं नागपूर, हैदराबादकडे बांधकामावर जातात. तिथे त्यांना खोली मिळते ती कामाच्या जागेवर: टिनाची, रांगेत बांधलेली, ठेकेदाराची. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात मालकाने कामगाराला कामाच्या काळात मोफत तात्पुरती निवासव्यवस्था द्यावी, स्वयंपाक, आंघोळ, संडासाची वेगळी सोय करावी, असं स्पष्ट लिहिलं होतं. पण कामाच्या काळात. काम संपलं की छत संपलं. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा लाखो माणसांचं काम एका रात्रीत थांबलं आणि त्याच्याबरोबर त्यांचं छतही गेलं. ‘लोक घरी का थांबले नाहीत’ असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. ते घरात नव्हतेच, ते कामावर राहत होते.

त्या मे महिन्यात बालाघाटच्या एका मजुराचं चित्र देशभर पोचलं. हैदराबादहून तो गरोदर बायको आणि लहान मुलीला घेऊन निघाला होता. वाहन मिळेना, तेव्हा त्याने वाटेत मिळालेल्या लाकडांची, चाकं लावलेली गाडी केली, दोघींना त्यात बसवलं आणि शेकडो किलोमीटर ती हाताने ओढत महाराष्ट्र ओलांडून जिल्ह्याच्या सीमेवर आला. ती लाकडी गाडी त्या दिवसांत त्या तिघांचं घर होती.  त्या चित्राकडे आपण जिद्दीची कहाणी म्हणून बघितलं. मला ते घर हरवलेल्या माणसाचं चित्र वाटतं, आणि इतकी जिद्द दाखवायची वेळ कुणावर येऊ नये असंही वाटतं.

‘तात्पुरतं’ किती लांबू शकतं हे पाहायचं तर उल्हासनगरला जावं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकींत ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींनी त्या जागेला उल्हासनगर नाव दिलं. आज ते महापालिकेचं शहर आहे, आणि लोक अजूनही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ म्हणतात. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला धरणं फुटल्यावर पूरग्रस्तांना निसेन हटमध्ये ठेवलं होतं. निसेन हट म्हणजे अर्धगोल वाकवलेल्या पत्र्याची झोपडी, पहिल्या महायुद्धात पीटर निसेन या लष्करी अभियंत्याने सैनिकांसाठी केलेली. एका पिढीची लढाई निभावायला केलेली वस्तू दुसऱ्या पिढीच्या पुराला कामी आली. पुढे लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वस्त्या उभ्या राहिल्या, पण पूरग्रस्तांच्या सोसायट्यांच्या जमिनीच्या मालकीचा प्रश्न अर्धशतकाहून जास्त काळ रेंगाळला. मुंबईत मोडकळीला आलेल्या चाळींतून ‘संक्रमण शिबिरा’त नेलेली कुटुंबं आहेत. तिथे जन्मलेल्या मुलांची लग्नं झाली, त्यांना मुलं झाली, संक्रमण काही संपलं नाही.

आमच्या विदर्भात, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून असलेल्या मोवाडला ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने २०४ माणसं नेली. गाव पुढे नव्या जागी वसलं. ज्या वस्त्यांचं बरं झालं, त्यांच्यात मला एक साम्य दिसतं: नवी जागा लवकर ठरली आणि लोकांना ती बघायला मिळाली. जागा डोळ्यांना दिसली की माणूस टिनाखालचा उन्हाळाही काढतो. जागाच ठरत नसेल, तर तो टिनालाच विटा लावायला लागतो, आणि मग कुणी त्याला अतिक्रमण म्हणतं.

२० नोव्हेंबर २०१६ पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ व विशेष भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात, तेही हप्त्याहप्त्याने. बहुतेकांना जुनं घर पाडून त्याच जागेवर नवं बांधायचं असतं. मधल्या काळात कुटुंब कुठे राहणार, याला हप्ता नाही. म्हणून बालाघाटच्या गावांतून जाताना अर्ध्या उभ्या घरकुलाच्या शेजारी पन्नीची झोपडी दिसते. हप्ता लांबला, की तिच्यावरही दुसरा पावसाळा येतो.

पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत एवढं करून घ्या. पूर आला तर पालं कुठे टाकायची, ती उंचावरची जागा आजच ठरवून ठरावात लिहा. तिथे हातपंप आणि चार संडास आधी बांधून घ्या. पोरांची शाळा किती दिवसांत रिकामी करायची, तो आकडाही लिहा. घराच्या चारही भिंतींचे फोटो मोबाइलमध्ये काढून सोयऱ्याकडे पाठवून ठेवा, पंचनाम्याच्या दिवशी ते कामी येतील. आधार, शिधापत्रिका, जमिनीचे कागद जाड पन्नीत बांधून उंच जागी ठेवा. आणि शेड देणाऱ्या साहेबाला पहिल्याच दिवशी विचारा की आम्ही इथून कोणत्या तारखेला निघणार, आणि जी तारीख सांगतील ती त्यांच्या सहीने कागदावर घ्या.